गेजेरचं शेतीपत्रक: बारा महिन्यांचा तक्ता जुळत नाहीये (पुढे दरवाजा, पाणी वगैरे)

ओसाडवाडी (धागाकर्ती)

मराठी बायबल वाचणाऱ्यांना गेजेर (आजच्या इस्राएलमधलं प्राचीन गाव) हे नाव शलमोन राजामुळे माहीत असतं. 1 राजे 9:16 मध्ये मिसरचा (इजिप्तचा) फारो गेजेर घेतो, जाळतो, तिथल्या कनान्यांना मारतो आणि ते गाव शलमोनाला दिलेल्या आपल्या मुलीला आंदण देतो. त्याआधी यहोशवा 16:10 मध्ये हे एफ्राइमाच्या वाट्याचं गाव आहे, पण कनानी तिथून हटत नाहीत, वेठबिगार करत राहतात. 21:21 मध्ये तेच लेव्यांच्या नगरांत मोजलं आहे.

या गावाच्या टेकाडात 1908 साली चुनखडीची एक छोटी पाटी सापडली. तिच्यावर वर्षाच्या शेतकामांची यादी आहे. तिचा मुलांसाठी मराठी तक्ता करायला घेतला आहे. इंग्रजी भाषांतरावरून असं मांडलं: सुगी 2 महिने, पेरणी 2, उशिरा पेरणी 2, जवस 1, सातू 1, कापणी 1, छाटणी 2, फळं 1. बेरीज 12 बरोबर येते. पण सुरुवात चैत्रापासून धरली की सगळं विचित्र दिसतं, आणि आषाढापासून धरलं तरी पेरणी भलत्याच वेळी येते. शिवाय सुगी आधी आणि पेरणी नंतर, हे काय गौडबंगाल? जाणकारांनी सांगावं. दरवाजा, पाण्याचा बोगदा यांबद्दलही लिहिलंत तर उत्तम.

---

लिपीवेडा

आधी मूळ मजकूर समोर ठेवू, मग महिने. पाटी साधारण 11 बाय 7 सेंटीमीटर, म्हणजे तळहातात मावणारी. ओळी सात, उजवीकडून डावीकडे. स्वर लिहिलेले नाहीत, फक्त व्यंजनं:

ओळ 1: यरहव असफ, यरहव झ
ओळ 2: रअ, यरहव लकश
ओळ 3: यरह अत्सद पश्त
ओळ 4: यरह कत्सर सअरम
ओळ 5: यरह कत्सर वकल
ओळ 6: यरहव झमर
ओळ 7: यरह कत्स

पहिल्या ओळीच्या शेवटी एकटा 'झ' आणि दुसरीच्या सुरुवातीला 'रअ'. दोन्ही मिळून 'झरअ' म्हणजे पेरणी. जागा संपली म्हणून शब्द मधोमध तोडला आहे, जोडरेघ वगैरे काही नाही. ओळीप्रमाणे तक्ता करणाऱ्यांची इथेच चूक होते: सात ओळी म्हणून सात कामं धरतात. कामं आठ आहेत.

'यरह' म्हणजे महिना (मूळ अर्थाने चंद्रच). 'यरहव' जिथे आहे तिथे दोन महिने. तो शेवटचा 'व' द्विवचनाचा की 'त्याचे दोन महिने' अशा अर्थाचा, यावर वाद आहे, पण संख्या दोन यावर बहुतेकांचं एकमत आहे. चार ठिकाणी यरहव (8 महिने), चार ठिकाणी यरह (4 महिने). तुमची बेरीज त्यामुळेच जुळते.

डाव्या कडेला खाली उभं 'अबी...' असं नाव आहे, पुढे दगड तुटलाय. बहुधा 'अबीया'. लिहिणाऱ्याचं असावं.

तक्त्यात महिन्यांची नावं टाकायची असतील तर एक पक्कं ध्यानात ठेवा: पाटीवर एकाही महिन्याचं नाव नाही. तिश्री, निसान ही नावं यहुद्यांनी बाबेलच्या बंदिवासानंतर उचलली. तक्त्यात ती टाकली तर चारएकशे वर्षांची चूक होईल.

---

खळ्यावरचा

लिपी झाली, आता शेत. चैत्र किंवा आषाढ धरून हा तक्ता जुळणार नाही, कारण तिथला पाऊस आपल्या उलट आहे. गेजेर किनारी मैदान आणि यहूदाचे डोंगर यांच्या मधल्या टेकड्यांवर आहे. पाऊस वर्षाला साधारण 500 मिलिमीटर, तोही ऑक्टोबर ते एप्रिल. मे ते सप्टेंबर कोरडा ठणठणीत. म्हणजे तिथे खरीप नाहीच. फक्त रब्बी आहे, आणि ती ओलिताची नाही, पावसाची.

आता सप्टेंबरपासून मोजा.

सप्टेंबर-ऑक्टोबर: असिफ (पाटीवरचं 'असफ'). 'सुगी' हा शब्द इथे फसवतो, कारण सुगी म्हटलं की धान्य डोळ्यांपुढे येतं. असिफ म्हणजे गोळा करून घरात आणणं: उरलेली द्राक्षं, ऑलिव्ह, उन्हात वाळवलेली फळं. निर्गम 23:16 मध्ये 'संग्रहाचा सण' वर्षाच्या अखेरीला येतो असं म्हटलंय. शेतीचं वर्ष इथेच संपतं आणि इथेच सुरू होतं, त्यामुळे 'आधी सुगी मग पेरणी' हे गौडबंगाल नाही.

नोव्हेंबर-डिसेंबर: पेरणी. उन्हाळ्यात भाजून निघालेली माती हलक्या लाकडी नांगराला दाद देत नाही. पहिला पाऊस पडून जमीन वीतभर ओली झाल्याशिवाय नांगर चालत नाही. म्हणून पेरणी ऑक्टोबरात नाही, नोव्हेंबरात.

जानेवारी-फेब्रुवारी: लकश, उशिराची पेरणी. पहिल्या सरींवर पेरलं आणि मध्ये तीन आठवडे पावसाने ओढ दिली, तर कोंब वर येऊन करपतात. आपल्याकडे दुबार पेरणीचं जे दुखणं, तेच. सगळं बियाणं एकदम मातीत न घालणं हा त्यावर उपाय. शिवाय हरभऱ्यासारखी पिकं तिथे पारंपरिक पद्धतीत थंडी ओसरतानाच पेरतात. आमोस 7:1 मध्येही 'लेकेश' शब्द आहे, तिथे राजाची कापणी झाल्यावर उगवणाऱ्या मागास गवताबद्दल.

मार्च: जवस. एप्रिल: सातू. मे: गहू. जून-जुलै: द्राक्षवेलींचं काम. ऑगस्ट: कायित्स, म्हणजे उन्हाळी फळं, त्यात मुख्य अंजीर.

सातू गव्हाच्या आधी येतो, कारण तो लवकर पिकतो आणि हलक्या जमिनीतही धकतो. निर्गम 9:31-32 मध्ये गारपीट होते तेव्हा सातू कणसांत आणि जवस फुलोऱ्यात असल्यामुळे दोन्ही झोडपले जातात, गहू मात्र मागास म्हणून वाचतो. ते मिसरचं वर्णन आहे, तरी क्रम तोच: जवस आणि सातू जवळजवळ, गहू नंतर.

---

ओसाडवाडी

आता डोक्यात प्रकाश पडला! म्हणजे तक्ता सप्टेंबरपासून. मग मराठी महिने द्यायचेच नाहीत का? साधारण भाद्रपद-आश्विन असं लिहिलं तर मुलांना पटकन कळेल.

आणि मे मधल्या ओळीत 'कापणी व मापन' असं भाषांतर दिसतं, दुसरीकडे 'कापणी व समाप्ती'. कुठलं घ्यावं?

---

खळ्यावरचा

'साधारण' हा शब्द ठेवून द्या, हरकत नाही. पण लक्षात घ्या, चांद्र वर्ष 354 दिवसांचं, शेत सूर्यावर चालतं. दरवर्षी 11 दिवस मागे पडणार आणि तीन वर्षांत महिनाभराची तूट. आपण अधिक मास घालतो. पाटीवर त्याची सोय दिसत नाही, आणि गरजही नाही, कारण ती तारखा सांगत नाही, कामांची रांग सांगते. 'पंचांग' असं भाषांतर केलं की गोंधळ सुरू होतो. 'शेतीपत्रक' बरं.

'वकल' बद्दल: 'कल' हे मोजणं या धातूवरून घेतलं तर 'कापणी आणि माप'. खळ्यावर मळणी, उपणणी झाली की रास मापायची, त्यातून बियाणं बाजूला, कर बाजूला. गव्हाच्या कापणीनंतर हे काम येतंच, म्हणून मला हा अर्थ जास्त पटतो. 'संपणं' या धातूवरून घेतलं तर 'कापणी आणि शेवट', तेही चुकीचं नाही, कारण धान्याची कापणी खरंच तिथे संपते. तक्त्यात पहिला अर्थ लिहा, दुसरा कंसात.

एक गंमत. त्या भागात मे-जूनमध्ये पाऊस म्हणजे जवळजवळ अशक्य गोष्ट. 1 शमुवेल 12:17 मध्ये शमुवेल गव्हाच्या कापणीत गडगडाट आणि पाऊस मागवतो आणि लोक हादरतात. मराठी वाचकाला मे अखेरच्या वळवाच्या सरींची सवय असल्याने त्यातला धक्का पोचतच नाही. तिथे खळं उघड्यावर टाकून निर्धास्त झोपता येतं. दुपारनंतर समुद्राकडून पश्चिमेचा वारा सुटतो, उपणायला तेवढा पुरतो.

---

लिपीवेडा

@खळ्यावरचा, जवसाच्या ओळीवरून तुम्ही फार पटकन पुढे सरकलात. तिथेच खरी अडचण आहे. 'अत्सद' हा कापण्याचा शब्द मानतात, कारण 'मअत्साद' हे हत्याराचं नाव यशया 44:12 आणि यिर्मया 10:3 मध्ये येतं. पण धाग्यासाठी जवस कापतात कुठे?

---

खळ्यावरचा

बरोबर पकडलंत. कापडाच्या धाग्यासाठी जवस मुळासकट उपटतात. तंतू मुळापासून शेंड्यापर्यंत सलग असतो, कापलं तर बुडाचा भाग वाया जातो आणि कापल्या टोकातून पाणी शिरून कुजवण्याच्या वेळी तंतू डागाळतो. बियांसाठी, तेलासाठी असेल तर कापलं तरी चालतं. म्हणून काही जण म्हणतात, इथे कुदळीने खणून उपटणं अपेक्षित आहे. काही तर 'पश्त' म्हणजे जवसच नाही, गवत आहे आणि ही चाऱ्याची कापणी आहे असं म्हणतात.

दुसरी शंका अशी की जवसाला अख्खा महिना कशाला? त्यावर उत्तर आहे. उपटणं दोनचार दिवसांचं, पण त्यानंतर पेंढ्या वाळवणं, बोंडं झोडणं, पाण्यात कुजवणं, पुन्हा वाळवणं. यहोशवा 2:6 मध्ये राहाब हेरांना घराच्या धाब्यावर रचलेल्या जवसाच्या काड्यांखाली लपवते, आणि 3:15 मध्ये यार्देन कापणीच्या दिवसांत दुथडी भरलेली असते. म्हणजे वसंत ऋतू, काड्या वाळत पडलेल्या. वेळ जुळते.

'झमर'चंही तसंच. छाटणी म्हणावं तर द्राक्षवेलीची मुख्य छाटणी त्या हवामानात थंडीत, वेल झोपलेली असताना होते. नाशिककडची एप्रिल आणि ऑक्टोबरची छाटणी डोक्यात ठेवून हे वाचू नका, तिथे वेल दरवर्षी पानगळ करून निद्रा घेते. जून-जुलैत होते ती हिरवी छाटणी: फाजील फुटवे काढणं, घडांवर ऊन-वारा येईल इतकी पानं विरळ करणं. ते केलं नाही तर सगळी ताकद पानांत जाते. काही अभ्यासक 'झमर' म्हणजे द्राक्षतोडच मानतात. तक्त्यात 'द्राक्षवेलींचं काम' लिहा, दोन्ही बाजू सांभाळल्या जातात.

---

लिपीवेडा

शेवटच्या ओळीतला 'कत्स' लहानसा पण मुलांना सांगण्यासारखा. आमोस 8:1-2 मध्ये देव विचारतो, काय दिसतं? उत्तर: 'कायित्स'ची टोपली, उन्हाळी फळांची. देव म्हणतो, इस्राएलाचा 'केत्स' आलाय, म्हणजे अंत. मराठीत ही कोटी उतरत नाही, पण पाटीवर फळांचा शब्द स्वरांविना 'कत्स' एवढाच लिहिलाय, म्हणजे डोळ्याला दोन्ही शब्द एकच दिसतात.

आणि तक्त्याखाली 'शाळकरी मुलाचा गिरवण्याचा सराव' असं बिनधास्त लिहू नका. अक्षरं ओबडधोबड आहेत, दगड खरवडून पुन्हा वापरल्याच्या खुणा आहेत, म्हणून तो अंदाज आला. लोकगीत, करवसुलीची यादी असेही अंदाज आहेत. लिपीच्या वळणावरून काळ इ.स.पू. 10वं शतक धरतात. भाषा हिब्रू की फिनिशियन यावरही मतं वेगळी आहेत. त्या काळात दोन्हींची लिपी इतकी जवळची होती की सात ओळींवर निकाल लागणं कठीण.

---

थरमोज्या

काळ लिपीवरूनच का ठरवावा लागतो, हे इथे कोणी सांगितलं नाही म्हणून लिहितो. कारण पाटी कुठल्या थरात होती याची भरवशाची नोंद नाही.

आयरिश पुरातत्त्वज्ञ रॉबर्ट मॅकॅलिस्टर यांनी 1902 ते 1905 आणि 1907 ते 1909 या काळात गेजेर खणलं. पद्धत अशी: टेकाडावर 40 फूट रुंदीचे पट्टे आखायचे, पहिला पट्टा थेट मूळ खडकापर्यंत खणायचा, मग दुसरा पट्टा खणताना त्याची माती पहिल्यात टाकायची. तिसऱ्याची दुसऱ्यात. मजूर एका वेळी दोनशेपर्यंत, देखरेखीला एकटा तज्ज्ञ. माती लांब वाहून न्यायचा खर्च वाचतो. नुकसान काय? एकतर खणलेली माती पुन्हा तपासता येत नाही, कारण ती दुसऱ्याच पट्ट्यात, उलटी होऊन पडलेली. दुसरं, दोन पट्ट्यांमधली उभी भिंत ठेवलेली नाही, त्यामुळे थर एकमेकांवर कसे बसलेत ते पाहायला काही उरलं नाही. तिसरं सर्वांत वाईट: 1912 च्या त्यांच्या तीन खंडी अहवालात वस्तू प्रकारानुसार लावल्यात. दिवे दिव्यांत, सुया सुयांत. कुठला दिवा कुठल्या भिंतीच्या कुठल्या जमिनीवर होता, हे बऱ्याच ठिकाणी जुळवताच येत नाही.

टेकाडावरच्या दर्ग्याच्या आणि कबरस्तानाच्या जागी त्यांना खणता आलं नाही. तेवढा भाग वाचला, असं म्हणायची पाळी आली.

तरी त्यांना नुसतं झोडपू नये. एवढ्या आराखड्यांसह अहवाल छापला म्हणून पुढच्यांना चूक तरी सापडली. आता दरवाजाकडे येतो.

त्यांना टेकाडाच्या दक्षिण बाजूला एक भक्कम बांधकाम सापडलं. त्याला त्यांनी 'मक्काबी किल्ला' म्हटलं, म्हणजे इ.स.पू. दुसऱ्या शतकातलं. 1958 मध्ये इस्राएली पुरातत्त्वज्ञ यिगाएल यादीन यांनी त्यांचाच आराखडा पाहून म्हटलं, हा किल्ला नाही, हा दरवाजाचा अर्धा भाग आहे. हासोर आणि मगिद्दो इथे सहा दालनांचे दरवाजे होते, आणि 1 राजे 9:15 मध्ये शलमोनाने बांधलेल्या गावांत हासोर, मगिद्दो, गेजेर ही नावं एका वाक्यात आहेत. पुढे हिब्रू युनियन कॉलेजच्या उत्खननात (1964 पासून) उरलेला अर्धा जमिनीखाली मिळाला.

रचना सोपी आहे. रस्त्याच्या प्रत्येक बाजूला चार जाड खांबभिंती, त्यांच्या मध्ये तीन तीन दालनं. गेजेरचा दरवाजा साधारण 19 मीटर खोल, 16.2 मीटर रुंद, मधली वाट 4.1 मीटर. मगिद्दोची वाट 4.2, हासोरची 4.2. दालनांत तीन बाजूंनी गिलावा केलेले बाक. एका दालनात दगडी कुंड. नंतर कधीतरी मधल्या वाटेखाली मोठं गटार घातलं, कारण टेकाडावरचं पावसाचं सगळं पाणी उताराने दरवाजातूनच बाहेर पडणार. गटार तुंबलं तर दरवाजाचा चिखल. गावाचा सर्वांत सखल बिंदू आणि सर्वांत मजबूत जागा एकच असते, हा या दरवाज्यांचा कायमचा पेच.

---

ओसाडवाडी

म्हणजे शलमोनाचा दरवाजा सिद्ध झाला असं लिहू?

---

सनावळी

नको. घाईने लिहिलेलं वाक्य मग वर्षानुवर्षं व्हॉट्सॲपवर फिरतं.

पहिला मुद्दा: सहा दालनांचे दरवाजे लाखीश इथे आहेत, पलिष्ट्यांच्या अश्दोदलाही आहेत. तिथे शलमोनाने बांधलेलं नाही. म्हणजे आकारावरून राजा ठरत नाही. दुसरा: इस्राएल फिंकेलस्टाईन आणि त्यांच्या बाजूच्या अभ्यासकांनी या बांधकामांना इ.स.पू. 9व्या शतकात ढकललं होतं, नंतरचा इस्राएली राजा अहाब याच्या घराण्याकडे. तिसरा: 2023 मध्ये गेजेरच्या 35 कार्बन तारखा प्रसिद्ध झाल्या. त्यांत या भव्य बांधकामाचा टप्पा 10व्या शतकाच्या पूर्वार्धाशी जुळतो. म्हणजे वेळ शलमोनाच्या परंपरागत काळाजवळ आली. पण जळक्या धान्याचा दाणा काळ सांगतो, राजाचं नाव सांगत नाही. लिहायचं असेल तर असं लिहा: 'दरवाजा इ.स.पू. 10व्या शतकातला असावा, शलमोनाशी त्याचं नातं हे बायबलच्या वाक्यावरून जोडलेलं आहे.'

फारोचं नावही टाकू नका. बायबल देत नाही. सियामुन हा नेहमीचा अंदाज, पण अंदाजच.

नावानिशी खात्रीचं हवं असेल तर मागे जा. फारो मेर्नेप्ताहच्या शिलालेखात (इ.स.पू. 1208 च्या सुमारास) गेजेर पकडल्याचं लिहिलंय, 'इस्राएल' हे नाव ज्या शिलालेखात पहिल्यांदा येतं त्याच, अगदी जवळच्या ओळीत. त्याआधी 14व्या शतकात अमार्नाची पत्रं, म्हणजे मिसरमधल्या अमार्नाला सापडलेला फारोंचा पत्रव्यवहार. गेजेरचे मिल्किलू, यपाहू वगैरे राजे फारोला लिहितात. उलट दिशेचं एक पत्रही आहे: फारो मिल्किलूकडे 40 देखण्या साकी मागतो, दर प्रत्येकी 40 शेकेल चांदी, मालाची एकूण किंमत 160 देबेन. हिशेब करून पाहा: 40 गुणिले 40 म्हणजे 1600 शेकेल, एका देबेनचे 10 शेकेल, म्हणजे बरोबर 160. मातीच्या पाटीवरचा व्यवहार साडेतीन हजार वर्षांनी पै न् पै जुळतो. माणसांचा बाजार होता, ते वेगळं.

---

पाणक्या

पाण्याबद्दल विचारलं होतंत, कोणी हात लावला नाही म्हणून.

दरवाज्याच्या जवळच खडकात कोरलेला तिरपा बोगदा आहे. तोंडाशी साधारण 4 मीटर रुंद आणि 7 मीटर उंच. उतार सुमारे 38 अंश, लांबी साधारण 45 मीटर. गणित केलंत तर उभी खोली 27-28 मीटर येते. पायऱ्या कोरलेल्या, भिंतींत दिवे ठेवायला कोनाडे. तळाशी पाण्याचं कुंड आणि त्यापलीकडे नैसर्गिक गुहा.

हेतू उघड आहे: वेढा पडला तर गावाबाहेर न जाता पाणी. 38 अंश म्हणजे किती ते मनाशी धरा. घरातल्या जिन्याचा उतार साधारण 30 ते 35 असतो. त्याहून चढ, ओल्या पायऱ्या, डोक्यावर किंवा पाठीवर भरलेली घागर. म्हणून तोंड इतकं मोठं का, हा प्रश्न आहे. उजेड आत जावा म्हणून, हवा खेळावी म्हणून, की गाढवं उतरवायची म्हणून? 7 मीटर उंची माणसाला लागत नाही.

काळाचं भांडण इथेही आहे. कनानी मध्य कांस्ययुगातला (इ.स.पू. 2000 ते 1550) की नंतरचा इस्राएली? मगिद्दो, हासोरचे पाण्याचे बोगदे इस्राएली काळात धरतात, म्हणून काहींनी यालाही तिकडे नेलं. अडचण तीच, थरमोज्यांनी सांगितलेली. मॅकॅलिस्टरने आतला गाळ उपसला. तळाचा गाळ जागेवर असता तर त्यातल्या सर्वांत खालच्या खापराने निदान वापर कधी सुरू होता ते सांगितलं असतं. त्यात भर म्हणून, त्यांनी माती अडवायला बांधलेली भिंत जोराच्या पावसात कोसळली आणि बोगदा पुन्हा भरला. 2010 पासून तो नव्याने उपसायला घेतला, तेव्हा वरचं सगळं शंभर वर्षांपूर्वीचं फेकलेलं, म्हणजे काळ ठरवायला निरुपयोगी. कामाचं असेल ते फक्त मॅकॅलिस्टर कधीच पोचला नाही अशा कोपऱ्यांत.

---

रेवदंडकर

छान चाललंय. गाव हेच गेजेर आहे हे कशावरून, तेही तक्त्याशेजारी टाकता येईल. बायबलमधल्या फार थोड्या गावांची ओळख अशी पक्की आहे.

फ्रेंच अभ्यासक शार्ल क्लेर्मों-गानो यांनी 1871 मध्ये जागा ओळखली ती एका अरबी इतिहासकाराच्या वर्णनावरून. पण कोणी फारसं मानेना. मग 1874 मध्ये टेकाडाच्या आसपासच्या खडकावर कोरलेली अक्षरं मिळाली: हिब्रूत 'तहुम गेजेर', म्हणजे गेजेरची हद्द, आणि शेजारी ग्रीकमध्ये 'अल्किऊ', म्हणजे अल्किओसची. आजवर अशा डझनभराहून जास्त नोंदी सापडल्यात. काही ठिकाणी हिब्रू एका बाजूने वाचायचं आणि ग्रीक उलट्या बाजूने. बांधावरच्या दगडावर दोन शेजाऱ्यांनी आपापल्या बाजूने नाव घालावं, तसं.

हद्द कसली यावर दोन मतं. एक, अल्किओस नावाच्या जमीनदाराच्या मळ्याची. दुसरं, शब्बाथाची: गावापासून 2000 हातांपलीकडे शनिवारी चालायचं नाही, ती मर्यादा.

अवांतर: शब्बाथ निघाला म्हणून. कोकणातले बेने इस्राएल तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, त्यावरून त्यांना 'शनवार तेली' म्हणत. त्यांतली बरीच कुटुंबं पुढे इस्राएलला गेली आणि रमला शहरात त्यांची मोठी वस्ती आहे. रमलापासून गेजेरचं टेकाड जेमतेम आठ किलोमीटर. म्हणजे या हद्दीच्या दगडांपासून थोड्याच अंतरावर घरात मराठी बोललं जातं.

---

ओसाडवाडी

हे फारच छान, तक्त्यात चौकट करून टाकते. आणखी एक, गेजेरच्या टेकाडावर रांगेत उभे केलेले दहा मोठे दगड आहेत, त्यांना 'नरबळीची जागा' म्हणतात ते खरं का?

---

थरमोज्या

नाही. मॅकॅलिस्टरला दगडांच्या जमिनीखाली रांजणांत पुरलेली अर्भकं मिळाली आणि त्यांनी बळीचा निष्कर्ष काढला. पण त्या काळी दगावलेल्या तान्ह्या मुलांना रांजणात घालून घरांच्या जमिनीखाली पुरण्याची रीतच होती, कनानमध्ये अनेक गावांत ते दिसतं.

दगड दहा, उत्तर-दक्षिण रांगेत, सर्वांत उंच 3 मीटरच्या वर, आणि रांगेलगत खळगा असलेला एक मोठा चौकोनी दगड. 1968 मध्ये पुन्हा खणून पाहिलं तेव्हा दहाही एकाच वेळी, इ.स.पू. 1600 च्या आसपास उभे केल्याचं दिसलं. कशासाठी? दहा गावांचा किंवा कुळांचा करार आणि साक्षीला दगड, हा एक पटण्याजोगा अंदाज. इस्राएलाच्या वंशांशी मात्र त्यांचा संबंध नाही, ते त्यांच्या शेकडो वर्षं आधीचे.

---

लिपीवेडा

छापायच्या आधी एवढं एक तपासा. पाटी इस्तंबूलच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे, जेरुसलेममध्ये नाही. 1908 मध्ये तो मुलूख उस्मानी साम्राज्यात होता आणि सापडलेलं राजधानीला जायचं. इस्राएलमध्ये दिसतात त्या तिच्या प्रतिकृती. काही प्रतिकृतींत अक्षरं काळ्या रंगाने भरलेली असतात. मूळ दगडावर रंग नाही, नुसते ओरखडे आहेत. मुलांना चित्र काढायला सांगणार असाल तर उजेड एका बाजूने पडलेला फोटो द्या. समोरून उजेड असला की ओरखडे नीट दिसत नाहीत.

---

ओसाडवाडी

सुधारलेला तक्ता, शेवटची नजर टाका:

सप्टें-ऑक्टो: फळांची साठवण, ऑलिव्ह. नोव्हें-डिसें: पेरणी. जाने-फेब्रु: मागास पेरणी. मार्च: जवस (की गवत?). एप्रिल: सातू. मे: गव्हाची कापणी आणि माप (किंवा शेवट). जून-जुलै: द्राक्षवेलींचं काम. ऑगस्ट: अंजीर वगैरे उन्हाळी फळं.

खाली टीप: महिने अंदाजे, पाटीवर नावं नाहीत.

---

खळ्यावरचा

ठीक आहे. 'फळांची साठवण, ऑलिव्ह' ऐवजी 'ऑलिव्ह आणि उरलेली फळं घरात आणणं' करा. ऑलिव्ह झाडावरून नोव्हेंबरातही उतरत असतात, तेवढं खालच्या टिपेत. आणि सातूपुढे कंसात जव लिहा, नाहीतर मुलं सातूचं पीठ समजतील.